सर्दी गेली, पण रात्रीचा खोकला का जात नाही?



गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या दवाखान्यात सर्दी-पडशाच्या रुग्णांची रीघ लागते. थंडी पडलेली असते, फड तुटत असतात, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांनी रस्त्यावर धुरळा उठलेला असतो. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, नाकाचे पाणी आठवड्याभरात थांबते. मागे राहतो तो खोकला, आणि तोही रात्रीचा. दिवसा माणूस कामाला जातो, रात्री पाठ टेकली की ढास सुरू. घरातील कोणालाच झोप नाही. मग बाटल्यांवर बाटल्या येतात. या एका तक्रारीबद्दल दवाखान्यात इतक्या वेळा तेच ते सांगावे लागते, की या अंकात ते एकदाच सविस्तर लिहावे असे ठरवले.

गेल्या हंगामात, पौष महिन्यात, आपले एक वयस्क सभासद शेतकी ऑफिसात तोडीची चौकशी करायला आले होते. जाता जाता दवाखान्यात डोकावले. म्हणाले, "साहेब, माझं काही न्हाई, नातवाचं विचारायचं हाय." त्यांचा मुलगा न्हावा-शेवा बंदराच्या बाजूला कंटेनर यार्डात नोकरीला आहे, राहायला द्रोणागिरीत. नातू चार वर्षांचा. "दिवसभर पोरगं चांगलं हुंदडतंय, जेवतंय. रातचं बारा वाजलं की खोकून खोकून उलटी करतंय. तीन आठवडं झालं. सून रोज फोनवर रडती. चार बाटल्या झाल्या, आता पाचवी कंची द्यावी?"

पाचवी कोणतीच देऊ नये, हे माझे उत्तर होते. का, ते सांगतो.

आधी हा खोकला मागे का राहतो ते पाहू. सर्दी विषाणूंमुळे होते. हे विषाणू नाकापासून श्वासनळीपर्यंतचे आतले नाजूक अस्तर खरवडून काढतात. या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. आपला केन कॅरिअर जसा उसाची मोळी वर चढवतो, तसे हे केस कफ आणि धूळ सतत घशाकडे वर सारत असतात. सर्दीत हा कॅरिअर मोडतो. विषाणू आठवड्याभरात नाहीसे होतात, पण कॅरिअरची दुरुस्ती व्हायला आणखी काही आठवडे जातात. तोपर्यंत कफ वर आणायचा तर शरीराजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे खोकणे. शिवाय अस्तर सोललेले असल्याने त्याखालच्या मज्जा उघड्या पडतात. थंड हवा, धूर, फोडणीचा ठसका, जोरात हसणे, एवढ्यानेही उबळ येते. हंगाम संपला, शेवटची मोळी गव्हाणीत पडली, म्हणून बॉयलर काही त्याच दिवशी थंड होत नाही. हे तसेच आहे.

किती दिवस चालावा हा खोकला? अमेरिकेत जॉर्जिया राज्यात लोकांना विचारले, तर बहुतेकांचा अंदाज सात ते नऊ दिवसांचा निघाला. प्रत्यक्षात रुग्णांवर केलेले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सरासरी जवळजवळ अठरा दिवस आली. ही माहिती २०१३ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडचा अंदाजही याहून वेगळा नसावा, कारण आठव्या दिवशी माणूस दारात उभा असतो, "गुण न्हाई साहेब" म्हणत. आणि सरासरी अठरा म्हणजे पुष्कळांचा तीन आठवडे, काहींचा सहा आठवडेही चालतो. मोठ्या माणसाचा आठ आठवड्यांपुढे किंवा लहान मुलाचा चार आठवड्यांपुढे गेला, तर मात्र मागे दुसरे काही कारण आहे असे समजून शोध घ्यावा लागतो.

आता रात्रीचे. दिवसा आपण उभे असतो, बसतो, बोलतो, गिळतो. नाकाच्या मागच्या बाजूने उतरणारा शेंबूड नकळत पोटात जातो. रात्री आडवे झालो की तोच घशात साठतो आणि श्वासनळीच्या तोंडाशी टोचत राहतो. झोपेत गिळणेही कमी होते. नाक चोंदलेले असले की तोंडाने श्वास घेतला जातो, मग नाकातून गाळून, ओलसर होऊन येणारी हवा कोरडी आणि गार अशीच घशाला लागते. दुसरे असे, की रात्री उशिरा जेवून लगेच अंथरुणावर पडणाऱ्यांच्या जठरातील आंबट रस घशाकडे येतो आणि त्यानेही खोकला उठतो. उसाला रात्रीची वीज असते तेव्हा अकरा वाजता पाणी लावून आलेला माणूस भाकरी खाऊन तसाच आडवा होतो, त्याचा खोकला पुष्कळदा हाच असतो. तिसरे म्हणजे दमा. पहाटे दोन ते चारच्या सुमारास आपल्या सर्वांच्याच श्वासनळ्या किंचित आकसतात. निरोगी माणसाला ते कळत नाही, दम्याच्या माणसाला त्याच वेळी जाग येते.

एवढे शरीराचे झाले. पण त्या सभासदांना मी विचारले, पोरगं झोपतं ती खोली कशी आहे? त्यांनी जे सांगितले त्यासाठी द्रोणागिरीची थोडी माहिती द्यावी लागेल.

द्रोणागिरी म्हटले की आपल्याला रामायणातला संजीवनीचा पर्वत आठवतो. उरणजवळ त्या नावाचा डोंगर आहे आणि त्याचेच नाव सिडकोने आपल्या वसाहतीला दिले. हा सारा खाडीकाठचा सखल मुलूख, भातखाचरांचा आणि मिठागरांचा. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी या जमिनी संपादन होऊ लागल्या. त्यांच्या भावासाठी उरण-पनवेलचे शेतकरी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. आपणही जमीनवाले, त्यामुळे हे विसरता येत नाही. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर चालू झाले. आपल्या राज्यातील साखरेचे कंटेनर याच बंदरातून परदेशी जातात. १२ जानेवारी २०२४ रोजी लोकल गाडी उरणपर्यंत गेली, वाटेत द्रोणागिरी नावाचे स्थानकही झाले. सखल जमिनीवर भराव टाकून इमारती उभ्या राहिल्या, भोवती खाडी, आणि रस्त्याला रात्रंदिवस कंटेनरचे ट्रेलर.

खाडीकाठ म्हणजे दमट हवा आणि डास. रस्ता म्हणजे धूळ आणि डिझेलचा धूर. म्हणून सूनबाई संध्याकाळी सहालाच सगळ्या खिडक्या लावून घेत आणि पोराच्या उशाशी डासांची कॉइल लावत. ती रात्रभर जळे. पोराला काही चावू नये म्हणून माय काळजी घेत होती, तिचा दोष नाही. पण २००३ साली चीन व मलेशियातील कॉइलची तपासणी प्रसिद्ध झाली आहे. एक कॉइल जळून संपेपर्यंत जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले. बंद खोलीत, अस्तर सोललेल्या घशाच्या चार वर्षांच्या मुलाच्या उशाशी! मग रात्री बारा वाजता ढास लागणार नाही तर काय?

मी म्हटले, कॉइल बंद करा, मच्छरदाणी लावा. खिडकी झोपण्याआधी तासभर तरी उघडा. उदबत्ती, धूप, ऊद हेही महिनाभर देवघरात नको, देव रागावणार नाही. आपल्याकडे खेड्यात कॉइलच्या जागी चूल असते, परसात पाचट पेटवलेले असते, आणि आजोबांची विडी असते. खोकणाऱ्या पोराला तिन्ही सारखेच.

आता बाटल्यांविषयी. खोकल्याची औषधे ढोबळमानाने तीन जातींची. एक खोकला दाबणारे, एक कफ पातळ करणारे, एक गुंगी आणणारे. पुष्कळदा एकाच बाटलीत ही सगळी असतात. म्हणजे एक बैल पुढे ओढतो, एक मागे, आणि तिसरा बसकण मारतो. सर्दीनंतरच्या खोकल्याला यांचा फारसा उपयोग होत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. चौथ्या बाटलीनंतर जो गुण येतो तो बहुतेक वेळा दिवस भरल्याचा गुण असतो. विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिकही चालत नाही. जंतूंवरचे औषध ते, विषाणूवर मारणे म्हणजे हुमणीवर तणनाशक फवारणे.

उपयोग नाही एवढेच असते तर पैसे गेले म्हणून सोडून देता आले असते. पण यात धोकाही आहे, आणि तो आपण महाराष्ट्रात पाहिलेला आहे. वयस्क सभासदांना आठवत असेल, १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे औद्योगिक रसायन निघाले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. हे रसायन ग्लिसरीनसारखेच दाट, गोडसर आणि स्वस्त. पातळ औषधे गोड व दाट करायला जे द्रव वापरतात त्यांत ते मिसळले गेले, तर चवीवरून कळत नाही. ते मूत्रपिंडे बंद पाडते. २०२२ साली आफ्रिकेतल्या गांबियात आपल्या देशातून गेलेल्या खोकल्याच्या औषधांत तेच सापडले, साठाहून अधिक मुले गेली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशच्या छिंदवाडा भागात वीसहून अधिक लहान मुले खोकल्याच्या औषधाने दगावली. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. त्या औषधाच्या नमुन्यात हे विष ४८ टक्क्यांहून अधिक निघाले. चालते फक्त ०.१ टक्का. त्या पोरांना झालेला आजार म्हणजे साधा सर्दी-खोकलाच होता, जो पंधरा दिवसांत आपोआप गेला असता.

त्यानंतर ३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्रक काढले, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना सहसा देऊ नयेत. आपल्या सभासदांचा नातू चार वर्षांचा, आणि चार बाटल्या झालेल्या! प्रत्येक बाटली वाईट असते असे मी म्हणत नाही. पण ज्याने गुण नाही ते पोराच्या पोटात घालायचे कशाला?

"मग द्यायचं काय?" हा प्रश्न येणारच. मध. अमेरिकेत २००७ साली १०५ मुलांवर पाहिले, झोपण्यापूर्वी एकदा मध दिला तर काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा रात्रीचा खोकला कमी झाला आणि आई-बापांनाही झोप लागली. जागतिक आरोग्य संघटनेनेही मधाला मान्यता दिली आहे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला अर्धा चमचा, त्यापुढे एक, मोठ्यांना दोन, निजताना, नुसता किंवा कोमट पाण्यातून. मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. मधात कधी कधी एका जंतूची बीजे असतात, तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळे पडते. आपल्याकडे बाळगुटी मधात उगाळायची चाल आहे, ती सोडावी. मधुमेहाच्या माणसाने मध मोजून घ्यावा.

एका सभासदांनी विचारले होते, घरच्या गुऱ्हाळाची काकवी चालेल का? कोमट पाण्यात, आल्याचा रस घालून, खुशाल घ्या. घशाला दाट गोड पातळाने आराम मिळतो. हळदीचे दूधही चालते, त्यातले निम्मे श्रेय ऊन दुधाचे. नाक चोंदले असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून (पेलाभर पाण्याला पाव चमच्याहून थोडे जास्त) त्याचे दोन-दोन थेंब नाकात सोडावेत. मोठ्यांनी उशाला आणखी एक उशी घ्यावी आणि जेवण निजण्याआधी दोन-तीन तास उरकावे. तान्ह्या बाळाला मात्र उशी नको. वाफारा मोठ्या माणसाने घ्यावा. लहान मुलाला पातेल्यावर वाकवू नये, उकळते पाणी अंगावर सांडून भाजलेली मुले दवाखान्यात दर हंगामात येतात.

आता, कोणता खोकला घरी ठेवायचा नाही ते पाहू. लहान मूल भरभर श्वास घेत असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळे दिसत असतील, पाणी-दूध पीत नसेल, तर रात्र असली तरी निघावे. श्वास घड्याळ लावून मोजता येतात. वर्षाच्या आतील बाळाचे मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील तर तो साधा खोकला नव्हे. (दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ही मर्यादा ६० धरावी.) खोकून खोकून शेवटी कोंबडा आरवल्यासारखा आवाज करत श्वास ओढला जात असेल तर डांग्या खोकला समजावा, लसीचे डोस चुकलेल्या मुलांत तो अजूनही दिसतो. आणि सर्दी-ताप काही नसताना खेळता खेळता एकाएकी ठसका लागून खोकला सुरू झाला, तर शेंगदाणा किंवा हरभरा श्वासनळीत गेला असण्याचा संभव असतो. भुईमूग खळ्यावर असतो त्या दिवसांत ही गोष्ट लक्षात असू द्यावी.

दर सर्दीनंतर खोकला महिनाभर रेंगाळत असेल, पहाटे छातीत शीळ वाजत असेल, घरात कुणाला दमा असेल, तर दम्याची तपासणी करावी. "पंप लागला की सुटत नाही" असे म्हणून लोक घाबरतात. पंपात औषधाची मात्रा गोळीपेक्षा कितीतरी कमी असते आणि ती थेट छातीत जाते. त्याला भिऊ नये. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी चिठ्ठी पाहावी. एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काहींना महिनोन्‌महिने कोरडी ढास लागते. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नये, डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

हे सगळे मी त्या सभासदांना सांगत असताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दहा मिनिटांत ते स्वतःच सात-आठ वेळा खोकले होते. विचारले, हा केव्हापासूनचा? "ह्यो व्हय? ह्यो विडीचा. दिवाळीपास्नं हाय, त्याचं काय न्हाई." वजन केले, सदऱ्याची बाही दंडावर लोंबत होती. संध्याकाळी अंगात कणकण असते, हेही विचारल्यावर कळले. थुंकी तपासली, क्षयाचे जंतू निघाले.

नातवाची काळजी करत आलेल्या माणसाला स्वतःचा अडीच महिन्यांचा खोकला खोकला वाटत नव्हता. हे लिहायला त्यांनी आपणहून परवानगी दिली आहे, नाव-गाव मी देत नाही. नातू दिवाळीला पंधरा दिवस आजोबांच्या कुशीत झोपला होता, म्हणून त्याचीही तपासणी करायला मुलाला कळवले. क्षय निघाला नाही, खबरदारीच्या गोळ्या मात्र सुरू केल्या. त्याचा रात्रीचा खोकला मच्छरदाणी लावल्यावर दहा-बारा दिवसांत गेला. आजोबांनी सहा महिने गोळ्या चुकवल्या नाहीत. शेवटच्या तपासणीत थुंकी स्वच्छ आली, वजन आठ किलोने वाढले. विडीही सुटली, असे ते म्हणतात.

दोन आठवड्यांहून अधिक दिवस खोकला असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाची थुंकी तपासावी, असा सरकारी क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे. मघाशी मी म्हटले की सर्दीचा खोकला तीन आठवडेही चालतो, मग दोन आठवड्यांनी तपासणी कशाला, असे कोणी विचारील. बहुतेकांचा तो सर्दीचाच निघतो, खरे आहे. पण तपासणीला एक पैसा लागत नाही, आणि जो एखादा निघतो त्याच्या मागे घरातली लहान पोरे असतात. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे किंवा थुंकीत रक्त असेल तर दोन आठवडेही थांबू नये. औषधे फुकट आहेत. आहारासाठी सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये खात्यावर देत असे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले.

हाच नियम आपल्या फडात तोड करणाऱ्यांनाही लागू आहे. कोपीत चूल आत, माणसे आत, लेकरे आत. तोडकरी खोकत असला तरी सांगत नाही, कारण दिवस मोडला तर उचल फिटत नाही. सभासदांनी आपल्या फडावर गेल्यावर एवढे विचारावे, की रात्री कोण खोकतं? आणि पाचट जाळण्याऐवजी सरीत आच्छादन करावे. त्याचे शेतीचे फायदे शेतकी खाते सांगतेच, धूर वाचतो तो आमच्या खात्यातला फायदा.

थुंकीची डबी दवाखान्यात मिळते. सकाळी उठल्याबरोबर चूळ भरावी, दोन-तीन दीर्घ श्वास घ्यावेत आणि छातीतून खोकून कफ काढावा. नुसती तोंडातली लाळ नको. हे काम घरात न करता बाहेर मोकळ्या हवेत करावे. झाकण घट्ट लावून डबी त्याच दिवशी पोचवावी. चिटबॉयकडे दिली तरी चालेल, त्यांना तसे सांगून ठेवले आहे.